तपासणी कोणासाठी? अफूच्या पेटीपासून शिवडीच्या महोत्सवापर्यंत

१/
डिसेंबर २०२५. शिवडीच्या खाडीकाठी, इन्फिनिटी बे या मैदानावर १९ ते २१ तारखांना ‘सनबर्न’ हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव भरला. २००७ मध्ये गोव्यात सुरू झालेला, मधली काही वर्षे पुण्यात भरलेला आणि पुन्हा गोव्यात परतलेला हा महोत्सव गिरणगावाच्या पूर्वेकडील या जुन्या बंदरपट्ट्यात आला होता.

२/
अशा महोत्सवाच्या प्रवेशद्वाराशी पिशव्या, खिसे आणि बाटल्या तपासल्या जातात. कोणाकडे काय आहे, हे या तपासणीतून कळते. जे आहे त्यात नेमके काय मिसळले आहे, हे सांगणारी दुसरी एक तपासणी असते. ती नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, न्यूझीलंड अशा काही देशांत होते. भारतीय महोत्सवांत तिला जागा नाही.

३/
यावरून मुंबईला ही कल्पनाच परकी असेल असे कोणास वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. नशेचे पदार्थ पारखण्याचा या शहराचा अनुभव जवळपास दोनशे वर्षांचा आहे. बदलत गेले ते एवढेच, की त्या पारखीचे उत्तर कोणाच्या हाती पडत होते. या धाग्यात तोच इतिहास पाहायचा आहे.

४/
आरंभ अफूपासून. एकोणिसाव्या शतकात बंगालकडील अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. पाटणा व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत ती तयार होई. माळव्यातील अफू मात्र संस्थानी मुलखात पिके आणि खासगी व्यापाऱ्यांच्या हातांतून मुंबई बंदरात येई. तेथून तिची जहाजे चीनकडे निघत.

५/
माळव्याची अफू रोखता येईना, तेव्हा कंपनीने तिच्यावर वाहतूक परवान्याचे शुल्क बसवले. १८३० च्या सुमारास ते पेटीमागे १७५ रुपये होते. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीकडील चोरवाट बंद झाली आणि शुल्क चढत गेले. १८४७ मध्ये ते ४०० रुपयांवर पोहोचले. एका पेटीत सुमारे ६० किलो अफू मावत असे.

६/
सरकारी कारखान्याचा शिक्का नसल्यामुळे माळव्याच्या अफूची शुद्धता पेटीगणिक बदलण्याची शक्यता असे. म्हणून खरेदीपूर्वी पारख होई. अफूचा थोडा अंश पाण्यात विरघळवायचा, गाळायचा, आटवायचा आणि हाती आलेला अर्क तोलायचा. ओढण्याजोगा अर्क किती निघतो, यावर भाव ठरे. भेसळ सापडली तर व्यापाऱ्याची पत जाई.

७/
ही पदार्थ-तपासणीच होती, आणि काटेकोर होती. परंतु तिचे उत्तर विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला मिळे. कँटनच्या गल्लीत चिलीम ओढणाऱ्याला त्या अर्काचे वजन कोणी सांगत नसे. चीनकडे जाणारी भारतीय अफू १९१३ मध्ये थांबली. तोवर या व्यापारातील पैशातून मुंबई घडत गेली होती.

८/
त्या पैशाचा एक अंश रुग्णसेवेकडेही वळला. चीनशी व्यापार करून श्रीमंत झालेले सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले आणि त्याच्या शेजारी १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. या इतिहासातील पुढची तपासणी याच कॉलेजाशी निगडित आहे.

९/
मुंबई सरकारने ‘केमिकल ॲनालायझर’ असे पद निर्माण केले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयझिडोर बर्नाडोट लायन हे त्या पदावर होते. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. भारतातील न्यायवैद्यकावरील त्यांचे पाठ्यपुस्तक १८८० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाले आणि पुढे अनेक वर्षे वापरात राहिले.

१०/
त्यांच्या कचेरीत येणाऱ्या बरण्यांत अफू, सोमल आणि धोतरा यांचे अंश शोधले जात. प्रवाशांना धोतरा खाऊ घालून लुटण्याचे गुन्हे त्या काळी न्यायवैद्यकाचा नेहमीचा विषय होते. येथेही तपासणी सूक्ष्म होती. पण ती बहुधा माणूस गेल्यावर होई, आणि तिचे उत्तर न्यायालयाला मिळे. पोलिसी मराठीत ‘सी. ए. रिपोर्ट’ हा शब्द आजही रुळलेला आहे. तो याच पदाचा वारसा.

११/
दरम्यान सरकारला आणखी एक प्रश्न पडला होता. गांजा-भांगेने लोकांचे नेमके किती बिघडते? त्यासाठी १८९३ मध्ये ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने देशभर फिरून हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या. मुंबई इलाख्यातील गांजाच्या लागवडीची व विक्रीचीही त्यात चौकशी झाली.

१२/
१८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष सर्वश्रुत आहे. मर्यादित सेवनाने फारशी हानी दिसत नाही, अतिसेवनाने होते. म्हणून सरसकट बंदी नको, परवाने आणि कर हवेत. त्या चर्चेत गांजा-भांगेत धोतरा मिसळण्याच्या चालीचीही दखल घेतली गेली. पदार्थाबरोबरच त्यातील मिसळही घातक ठरू शकते, हे सरकारी कागदांत १३० वर्षांपूर्वीच उतरलेले आहे.

१३/
आता शिवडीच्या शेजारी, परळला यावे. जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ पासून वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा होती. आजची हाफकिन संस्था ती हीच. १९०२ मध्ये येथून गेलेली प्लेगची लस टोचल्यावर पंजाबातील मुलकोवाल गावी १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले.

१४/
परंतु त्या बाटलीवर क्रमांक होता : ५३ एन. सर्व १९ जणांना त्याच एका बाटलीतून लस दिली गेली होती, हे त्यामुळे सिद्ध करता आले. बाटली प्रयोगशाळेतून निघताना दूषित होती की गावात उघडताना झाली, यावर पुढे अनेक शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू घेतली. १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले.

१५/
बाटलीवरचा क्रमांक ही क्षुल्लक गोष्ट वाटते. पण त्यामुळे वस्तू कोठे तयार झाली, कोणाच्या हातून गेली आणि चूक कोठे झाली, हे शोधता येते. उरलेला साठा परत मागवता येतो. कायदेशीर औषधाला हे संरक्षण मिळते. अमली पदार्थाच्या पुडीला क्रमांक नसतो, आणि म्हणून तिचा मागही नसतो.

१६/
हे दोन मार्ग भारतात कधी वेगळे झाले? एक वर्ष नेमके दाखवता येते : १९३०. त्या वर्षी ‘डेंजरस ड्रग्ज ॲक्ट’ संमत झाला आणि अफू, कोका व गांजाच्या विविध रूपांवरील नियंत्रण देशपातळीवर एकवटले. त्याच वर्षी कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली. बाजारातील औषधांतील भेसळ हा तिचा विषय होता.

१७/
चोप्रा समितीचा अहवाल १९३१ मध्ये आला. औषधांचे दर्जे ठरवा, प्रयोगशाळा उभारा, निरीक्षक नेमा, अशी तिची दिशा होती. त्यातून १९४० चा औषध कायदा झाला. औषध घेणाऱ्याला आत काय आहे हे कळलेच पाहिजे, हे तत्त्व मान्य झाले. अमली पदार्थांच्या वाटेवर मात्र परवाना, जप्ती आणि शिक्षा हीच साधने उरली. एकीकडे घटकांची चिठ्ठी आली, दुसरीकडे पंचनामा.

१८/
विशेष म्हणजे चोप्रा हे अफू आणि गांजा यांच्या सेवनाचेही अभ्यासक होते. दोन्ही विषय एकाच शास्त्रज्ञाच्या टेबलावर होते. राज्यव्यवस्थेने त्यांची दोन खाती केली. पुढच्या शंभर वर्षांत ती दोन्ही खाती फार क्वचित एकमेकांशी बोलली.

१९/
चिठ्ठी नसण्याची किंमत मुंबईने प्रथम दारूत मोजली. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी शहरात दारूबंदी लागू केली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. पिणे थांबले नाही. ते हातभट्टीकडे आणि घराघरांतील चोरट्या अड्ड्यांकडे वळले. १९६० च्या दशकात बंदी सैल झाली, तरी स्वस्त बेकायदा दारूचा धंदा टिकून राहिला.

२०/
या दारूतील सर्वांत घातक मिसळ म्हणजे मिथेनॉल, उद्योगांत वापरले जाणारे मद्यार्क. रंग, वास आणि चव यांवरून ते पिण्याच्या मद्यार्कापासून ओळखता येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते. ते डोळ्यांच्या मज्जातंतूंवर आघात करते आणि रक्तातील आम्लता जीवघेणी वाढवते. पहिले काही तास माणसाला साधी नशा चढल्यासारखेच वाटते.

२१/
२००४ च्या अखेरीस विक्रोळीत ८० हून अधिक माणसे विषारी दारूने गेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक गेली. दोन्ही वेळा अटका झाल्या, खटले उभे राहिले. मृतांत बहुसंख्य हातावर पोट असलेले कष्टकरी होते. त्यांतील कोणालाही पेल्यात मिथेनॉल हवे नव्हते. ते आहे हे कळण्याचा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता.

२२/
कायदेशीर औषधातही असे घडले, तेव्हा शहराची प्रतिक्रिया काय होती? १९८६ च्या आरंभी जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रव्य निघाले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून परवान्यांपर्यंत सारी साखळी उघडी पाडली. १९८७ च्या अहवालाने मंत्रालय हादरले.

२३/
मृत्यू तिथे १४ आणि मालवणीत शंभरांवर. पण जे. जे.च्या प्रकरणात ‘तपासणी का झाली नाही?’ हा प्रश्न केंद्रस्थानी राहिला. मालवणीत ‘विकली कोणी?’ हा राहिला. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. फरक असा, की पहिल्या प्रश्नातून पुढच्या रुग्णाला संरक्षण मिळते. दुसऱ्यातून झाल्या गुन्ह्याला शिक्षा मिळते.

२४/
याच दशकात शहराला ‘गर्द’ हा शब्द कळला. १९८० च्या आरंभी ब्राऊन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, मुंबईच्या वस्त्यांत पसरली. १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्रे येथे ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. अनिल अवचट यांच्या लेखनाने मराठी घरांना गर्दची दाहकता समजली. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या साहाय्याने पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले.

२५/
सरकारचे उत्तर होते एनडीपीएस कायदा. तो १९८५ मध्ये संमत झाला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला अमलात आला. जुने अफू कायदे आणि १९३० चा कायदा त्यात विलीन झाले. शिक्षा कितीतरी कठोर झाल्या. व्यसनमुक्ती केंद्रांची तरतूदही त्यात होती. म्हणजे कायद्यासमोर दोनच माणसे होती : गुन्हेगार आणि व्यसन सोडू इच्छिणारा रुग्ण.

२६/
या दोहोंच्या मधला माणूस, म्हणजे आज घेणारा आणि आज तरी न सोडणारा, एचआयव्हीच्या साथीने पुढे आणला. एकच सुई अनेकांनी वापरल्याने विषाणू पसरत होता. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९८४ मध्येच वापरलेल्या सुईच्या बदल्यात नवी सुई देणे सुरू झाले होते. मुंबईत १९९० च्या दशकात ‘संकल्प’ या संस्थेने रस्त्यावरच्या गर्दुल्ल्यांसाठी हेच काम हाती घेतले.

२७/
हे तत्त्व ‘हानी कमी करणे’ या नावाने ओळखले जाते. सोडशील तेव्हा सोड, पण तोवर जिवंत राहा, निरोगी राहा, असे त्याचे सार. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने निर्जंतुक सुया आणि ब्युप्रेनॉर्फिनसारखी पर्यायी औषधे सरकारी खर्चाने देऊ केली. भारताला हानी कमी करण्याचे तत्त्व अमान्य आहे, असे म्हणूनच म्हणता येत नाही. ते सुईपाशी येऊन थांबले आहे, गोळीपर्यंत पोहोचलेले नाही.

२८/
गोळीची कथा संगीताच्या मैदानात घडली. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकेतील वुडस्टॉक महोत्सवात व्यासपीठावरून तपकिरी रंगाच्या एलएसडीपासून सावध राहण्याची सूचना दिली गेली. तेथे प्रयोगशाळा नव्हती. भेदरलेल्या तरुणांची अवस्था पाहून केलेली ती सूचना होती. ‘हॉग फार्म’ या समूहाचे लोक अशा तरुणांजवळ बसून त्यांना धीर देत होते.

२९/
अंदाजाच्या जागी रसायनशास्त्र आणले नेदरलँड्सने. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅमस्टरडॅमच्या नृत्यमेळ्यांत ऑगस्ट द लोर यांनी गोळ्या तपासून सल्ला देण्यास आरंभ केला. १९९२ पासून तेथे राष्ट्रीय पातळीवर तपासणी व देखरेखीची व्यवस्था आहे. कालांतराने काम मैदानावरून शहरांतील नियमित केंद्रांत गेले. व्हिएन्नात १९९७ मध्ये ‘चेकइट’ हा उपक्रम सुरू झाला.

३०/
या व्यवस्थेचे मोल एका गोळीने दाखवून दिले. डिसेंबर २०१४ मध्ये डच प्रयोगशाळेत सुपरमॅनचे चिन्ह असलेली गुलाबी गोळी आली. ती एमडीएमए म्हणून विकली जात होती. आत पीएमएमए निघाले, तेही मोठ्या मात्रेत. त्याचा परिणाम सावकाश जाणवतो. गोळी ‘लागली नाही’ असे वाटून माणूस दुसरी घेतो आणि शरीराचे तापमान जीवघेणे चढते.

३१/
डच यंत्रणेने तत्काळ धोक्याचा इशारा दिला. दूरचित्रवाणी, पत्रके, मोबाइल, सर्व मार्गांनी तो पोहोचवला गेला. त्या गोळीने नेदरलँड्समध्ये मृत्यूची नोंद झाली नाही. ब्रिटनमध्ये तेव्हा अशी व्यवस्था नव्हती. नाताळ आणि नववर्षाच्या त्या दिवसांत तेथे त्याच गोळीने चौघे गेले. गोळी एकच होती. एका देशात तिचे उत्तर घेणाऱ्याला आधी कळले, दुसऱ्यात शवविच्छेदनानंतर.

३२/
२०१६ मध्ये ब्रिटनच्या ‘सिक्रेट गार्डन पार्टी’ महोत्सवात प्राध्यापक फियोना मेशम यांच्या ‘द लूप’ संस्थेने पोलिसांच्या संमतीने तपासणी केली. पाचांतील जवळपास एक नमुना विकणाऱ्याने सांगितलेला पदार्थ नव्हताच. सेवा घेणाऱ्यांपैकी सुमारे पंचमांश लोकांनी उत्तर ऐकून आपला पदार्थ नष्ट करण्यासाठी देऊन टाकला. पुढे न्यूझीलंडने २०२० मध्ये तात्पुरता आणि २०२१ मध्ये कायमचा कायदा करून ही सेवा विधिमान्य केली.

३३/
कामाची रीत साधी असते. गोळीचा कणभर अंश दिला जातो. इन्फ्रारेड यंत्र आणि रंग पालटणारी द्रव्ये यांनी तो पारखला जातो. उत्तर चिठ्ठीवर लिहून हातात ठेवत नाहीत. आरोग्यसेवक शेजारी बसून बोलतो : वय, इतर औषधे, हृदयविकार, उन्हातील नाच, पाणी. ‘ही गोळी सुरक्षित आहे’ असे वाक्य तो कधीही उच्चारत नाही. न घेणे हाच निर्धोक मार्ग, हे आधी सांगितले जाते.

३४/
आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. तपासणीमुळे खोटा धीर मिळेल, राज्य नशेला संमती देत आहे असा संदेश जाईल, ही भीती रास्त आहे. मैदानावरील यंत्रांना मर्यादा असतात. अत्यल्प मात्रेतील घातक द्रव्य निसटू शकते. शिवाय शुद्ध एमडीएमएदेखील मारते. म्हणूनच या सेवांत यंत्राइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व त्या संभाषणाला दिले जाते.

३५/
भारतात अडचण कायद्याच्या रचनेत आहे. एनडीपीएसच्या कलम ८ नुसार वैद्यकीय वा शास्त्रीय कारण आणि परवाना नसताना पदार्थ जवळ बाळगणे हाच गुन्हा. तपासण्यासाठी कण हातात घेणारा स्वयंसेवकही त्यात सापडू शकतो. कलम २५ नुसार आपल्या जागेत असा गुन्हा जाणूनबुजून होऊ देणारा शिक्षेस पात्र ठरतो. तपासणीचा तंबू उभारणारा आयोजक ‘आपल्याला माहीत होते’ अशी कबुलीच देऊन बसेल.

३६/
सेवनासाठी कलम २७ आहे : पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, वा दोन्ही. उपचारासाठी स्वतःहून येणाऱ्या व्यसनी माणसाला कलम ६४-अ संरक्षण देते. महोत्सवात पहिल्यांदाच गोळी हाती घेतलेला विशीतला तरुण व्यसनी नाही आणि उपचारासाठी आलेलाही नाही. १९८५ च्या दोन चौकटींपैकी त्याला पहिलीच मिळते.

३७/
आणि तरीही त्याच्या गोळीची तपासणी होतेच. जप्तीच्या वेळी तपास यंत्रणा रंगचाचणीचा संच वापरतात. त्यातील एक द्रव्य एदुआर्द मार्की यांनी १८९६ मध्ये सुचवलेले आहे. युरोपातील तपासणी केंद्रांतही हेच द्रव्य असते. पुढे नमुना कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. रसायन तेच, रंग तोच. उत्तर मात्र आरोपपत्राला जोडले जाते.

३८/
धोका काल्पनिक नाही. मेफेड्रोन, म्हणजे मुंबईच्या बोलीत ‘एमडी’, शहरात पसरल्यावर फेब्रुवारी २०१५ मध्ये एनडीपीएसच्या यादीत आले. गोव्यातील महोत्सवांच्या काळात २००९, २०१९ आणि २०२४ मध्ये तरुणांचे मृत्यू झाले. कारणांविषयी उलटसुलट दावे झाले. अशा वेळी बातमीत एक वाक्य हमखास असते : ‘व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे.’ त्याचे उत्तर येईतो मैदान रिकामे झालेले असते.

३९/
अफूच्या पेटीचे उत्तर व्यापाऱ्याला मिळाले. लायन यांच्या बरणीचे न्यायालयाला, जे. जे.च्या ग्लिसरॉलचे आयोगाला, मालवणीच्या पेल्याचे सरकारी वकिलाला. प्रत्येक उत्तर खरे होते आणि उपयोगीही होते. ज्याच्या पोटात ते द्रव्य जाणार होते, त्याला मात्र ते कधीच वेळेवर मिळाले नाही.

४०/
शिवडीपासून हाफकिन संस्था आणि के. ई. एम. रुग्णालय काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. कलिन्याची प्रयोगशाळाही याच शहरात आहे. रसायनज्ञ आहेत, डॉक्टर आहेत, सुईच्या कार्यक्रमाचा तीन दशकांचा अनुभव आहे. उणीव यंत्राची किंवा ज्ञानाची नाही. चोप्रा समितीने औषध घेणाऱ्यासाठी १९३१ मध्ये मान्य केलेला हक्क याही माणसाला द्यायचा का, एवढाच निर्णय बाकी आहे. पुढचा महोत्सव त्या निर्णयासाठी थांबणार नाही.